उत्तर दोन नाही, तीन

कन्हान, १४ एप्रिल २०२५

प्रीती,

'प्रिय' लिहिणार नाही. शाळेत शिकवलेला मायना तुझ्यावर वाया घालवायची माझी इच्छा नाही. तू मले फेब्रुवारीतच व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलं, फोन लावला तं नुसता टूं-टूं करते, म्हणून हे पाकीट पोस्टात टाकून राहिली. पोस्टमनले ब्लॉक करता येत नाही. सरिताकाकूंच्या हाती पडलं तं पडू दे, त्याईलेही समजू दे आपली पोरगी कशी आहे ते.

आज जयंती. मोहल्ल्यात सकाळपासून ढोल वाजून राहिले. आई पांढरी साडी नेसून तीनदा बोलावून गेली, "मोने, चाल वं, रॅली चौकात आली." मी म्हटलं, येते. अन् बसली आहे इथं, तुले लिहीत. आजच्या दिवशी मी कोणाले आठवून राहिली, पाहा.

मुद्द्यावर येते. काल संध्याकाळी सहा वाजून पंचवीस मिनिटांनी मी एक काम केलं. ते तुले माझ्याच तोंडून समजलं पाहिजे. पण आधी जानेवारी. तू म्हणशील, मले सगळं माहीत आहे, कायले उगाळून राहिली? उगाळून राहिली कारण तू तेव्हा माझं काहीच ऐकून घेतलं नाही. आता बस अन् वाच.

विक्रम सरांच्या क्लासचा नियम आठव. एंट्रन्सचा पेपर सुटला की कच्चे कागद आत ठेवून घेतात, स्क्रीन बंद होते, प्रश्न राहतात फक्त डोक्यात. म्हणून सर आधीच धडे वाटून देत. सुशीलले मॅट्रिक्स, कोणाले इंटिग्रेशन, मले रेषा अन् वर्तुळ. आपल्या वाट्याचे आकडे मनात घोकत, तोंडाले कुलूप लावून, थेट नंदनवनच्या पोह्याच्या ठेल्यावर यायचं. रस्त्यात कोणाशी एक शब्द बोलायचा नाही. तोंड उघडलं की आकडे सांडतात, असं सर म्हणत. अन् ठेल्यावर ज्याचा वाटा त्याचा शब्द शेवटचा, त्यावर वाद नाही. तिथंच बोर्ड मांडून उत्तरं जुळवायची, तिथंच प्रत्येकाची बेरीज.

बावीस जानेवारीले माझा पेपर होता, हिंगणा रोडच्या सेंटरवर, दुपारच्या शिफ्टमध्ये. तुझा चोवीसले होता, म्हणून तू ताज्या डोक्यानं आमचे प्रश्न सोडवायले आली होती. मार्कर तुझ्याच हाती राहायचा. प्रीती पराते म्हणजे चालतीबोलती आन्सर-की, असं आम्हीच तुले डोक्यावर चढवून ठेवलेलं. मी माझा प्रश्न सांगितला. प्रश्न मोठा होता, पण शेवटी येऊन थांबायचा ते इथं: बिंदू एक, तीन. रेषा तीन एक्स प्लस चार वाय प्लस दहा बरोबर शून्य. अंतर किती? तू माझ्याकडे न पाहता बोर्डवर पाच लिहिलं.

मी म्हटलं, माझं एक आलं.

अन् तू हासली. मार्करचं टोपण दातात धरून हासली. "एक? मोने, आठवीतलं पोट्टं बी हे चुकत नाही वं. भैताड आहेस का?" मंग सगळेच हासले. पोहेवाला भाऊ बी हासला, त्याले गणितातलं काय समजते? मी तर्री-पोह्यांची प्लेट तशीच ठेवून दिली.

माझी बेरीज झाली सहासष्ट. दोन दिवसांनी तुझी झाली अडुसष्ट. एप्रिलच्या दुसऱ्या पेपरसाठी सरांच्या साठ दिवसांच्या खास बॅचमध्ये वीस खुर्च्या होत्या, ठेल्यावरच्या बेरजेवर भरायच्या, एकोणीस भरलेल्या, अन् विसावी तुझी झाली. सकाळी सात ते संध्याकाळी सात, रोज एक टेस्ट, सर स्वतः समोर. मी अन् सुशील मागच्या हॉलमध्ये, जिथं पंखा फिरायचा तेव्हा वह्या उडायच्या अन् नाही फिरायचा तेव्हा जीव उडायचा. फेब्रुवारीत खरी आन्सर-की आली तं माझं 'एक' बराबर निघालं. म्हणजे माझे एकाहत्तर होते, प्रीती. खुर्ची माझी होती. मी सरांकडे गेली तं ते म्हणाले, "बॅच चालू झाली बेटा, आता कोणाले उठवू?" मी तुझ्याकडे आली. तू म्हणलं, "मी काय तुझ्या हातातून ओढून घेतली का?" अन् रात्री मी जे मेसेज टाकले त्यानंतर तू ब्लॉक केलं. मेसेज वाईट होते, मान्य आहे. पण एकही शब्द मी परत घेत नाही.

आता काल.

एप्रिलच्या पेपरले आपण दोघी एकाच शिफ्टले आलो, वेगवेगळ्या सेंटरवर. मी ठेल्यावर आली नाही. सुशील गेला होता. त्यानं फोन करून रडकुंडीले येऊन सांगितलं, "मोनाली, त्या पॉवरवाल्या प्रश्नात सगळ्याईचं दोन आलं, प्रीतीचं बी दोन, माझंच तीन आलं. सगळे हासून राहिले." तो प्रश्न तुले पाठच असेल. (x − 3) चा घात x² − 5x + 4, बरोबर एक. वास्तव उकली किती? परवा कच्ची की आली, तिच्यातबी दोनच आहे. तू नाचली असशील.

पण उत्तर दोन नाही, तीन आहे. कीच चुकली आहे. बेस एक घेतला तं x चार येते. पॉवर शून्य घेतली तं एक अन् चार येतात. सगळे इथंच थांबले. पण बेस मायनस एक असला अन् पॉवर सम असली तरी उत्तर एकच येते ना वं? x दोन ठेवून पाहा. बेस मायनस एक, पॉवर मायनस दोन. ही तिसरी. तुझ्यासारखीनं तिच्याकडे पाहिलंबी नाही.

मी पूर्ण पानभर प्रूफ लिहिलं, फोटो काढला अन् परीक्षेच्या साइटवर कीविरुद्ध ऑब्जेक्शन टाकलं. मान्य झालं की तुझे चार जातील अन् वरून मायनस एक. पाच मार्क. मले जानेवारीत जेवढे कमी पडले बराबर तेवढेच. नागपूरच्या सरकारी कॉलेजात कम्प्युटर घेऊन, उमरेडच्या बसनं ये-जा करणार होतीस ना? कर आता.

मी खोटं काहीच केलं नाही. तुझ्यासारखं बोर्डवर खोटं लिहिलं नाही. खरं गणित मांडलं. खऱ्यानंच तुझा गळा धरीन, मंग तुले ओरडताही येणार नाही.

आई पुन्हा बोलावून राहिली. जाते.

मोनाली गजभिये


कन्हान, २६ एप्रिल

प्रीती,

पाहिलं का? पक्की की पाहिली का? उत्तर तीन.

मी दुपारी साडेतीनले पाहिलं. कूलरसमोर बसली होती, मोबाईल हातातून पडला. आईले वाटलं काही अशुभ झालं. मी म्हटलं, नाही वं आई, एका माणसाची जिरली. ती म्हणाली, "कोणाची?" मी म्हटलं, तुले नाही समजणार.

तुझं उत्तर काही आलं नाही. मी वाट पाहिली असं समजू नको. पोस्टमन आमच्या गल्लीत येते तेव्हा मी सहज दारात उभी असते.

तुले माझा राग समजावा म्हणून अजून एक सांगते. त्या साठ दिवसांत रोज सकाळी मी मागच्या हॉलकडे जातानी तुमच्या बॅचच्या काचेच्या दारावरून जायची. तू दुसऱ्या रांगेत, खिडकीजवळ. एक दिवस तू वर पाहिलं अन् लगेच वहीत मान घातली. त्या दिवशी मी ठरवलं होतं की तुझी मान अशीच खाली राहिली पाहिजे, पण वहीत नाही. दिवाळीत तुमच्या घरी चार दिवस राहिली, सरिताकाकूंनी मले मागावर बसवून धोटा फेकायले शिकवलं, आपण दोघी एका ताटात जेवलो, अन् जानेवारीत मी तुले भैताड झाली.

सुशील आला होता आज. सायकलवर, एवढ्या उन्हात, संत्रा बर्फीचा डबा घेऊन. त्याचे पाच मार्क वाढले. म्हणे, "कोण्या देवमाणसानं ऑब्जेक्शन टाकलं असेल वं मोनाली, माझी तं हिंमतच झाली नाही, सगळे दोन म्हणत होते तं मले वाटलं मीच चुकलो." मी बर्फी खाल्ली. मी ते देवमाणूस आहे असं काही मी त्याले सांगितलं नाही. त्याच्यासाठी केलंच नव्हतं तं कायले सांगू? तो मधात आला अन् त्याचं भलं झालं. उसाबरोबर एरंडाले पाणी भेटते तसं.

सुशील विचारत होता, "तुझं किती झालं?" मी विषय बदलला. तूबी विचारू नको.

बाबा रोज सकाळी कंपनीच्या बसनं हिंगण्याले जातात, तिथं ड्रायव्हरपासून क्लीनरपर्यंत सगळ्याईले सांगून ठेवलं आहे की पोरगी नागपूरच्या सरकारी कॉलेजात चालली. बसमध्ये वाटायले बुंदीचे लाडू घेऊ का खव्याचे पेढे, हे काल आईले विचारत होते. आई म्हणाली, यादी लागू द्या. मी तेव्हा पाणी भरायले बाहेर निघून गेली.

तुझी बेरीज किती झाली ते सुशीलनं सांगितलं. काठावर आहेस. मस्त. काठावरच्या माणसाले पाच मार्क म्हणजे काय असते हे मले कोणी शिकवायची गरज नाही. तुले शिकवायची होती, ती शिकवली.

मोनाली


कन्हान, २९ जून

प्रीती,

शेवटच्या फेरीची यादी लागली. नागपूरच्या कम्प्युटरच्या यादीत तू नाहीस. मी तीनदा वरून खाली पाहिलं. परातेच नाहीत कोणी. सुशीलच्या ओळखीच्या पोराकडून समजलं की तुले अमरावती भेटली, तेबी दुसरीच ब्रँच. म्हणजे होस्टेल, मेसचं जेवण, सरिताकाकू दर शनिवारी बसस्टँडवर. झालं माझ्या मनासारखं.

मी या दिवसाची किती वाट पाहिली होती. ठरवलं होतं की या दिवशी नंदनवनले जाईन, त्याच ठेल्यावर, त्याच बाकड्यावर बसून जास्त तर्री घेऊन पोहे खाईन, अन् तुझ्यासारखंच मोठ्यानं हासीन. गेली बी. भाऊनं ओळखलं. म्हणाला, "लय दिवसांनी आली ताई, बोर्डवाली मॅडम कुठं आहे?" अर्धी प्लेट तशीच राहिली.

तू काहीच लिहीत नाहीस. दोन पत्रं टाकली. चार शिव्या तरी लिहून पाठव ना. दगडावर डोकं आपटल्यासारखं वाटून राहिलं. एवढं सगळं करून समोरचं माणूस हूं का चूं करत नसेल तं करायचं तरी कायले?

बरं, एक सांगते. तुले नाही सांगणार तं कोणाले सांगू? आईले गणित समजत नाही, बाबाले सांगायची छाती नाही, अन् सुशील ऐकून रडत बसेल.

त्या यादीत मी बी नाही.

त्या प्रश्नाचं माझं उत्तर दोनच होतं. परीक्षेत मले बी तिसरी उकल दिसली नाही. ती मले घरी दिसली, आठ दिवसांनी, सुशीलचं तीन कुठून आलं ते शोधतानी. कच्च्या कीप्रमाणे मी तुझ्यापेक्षा एका मार्कानं पुढं होती. दोघींनाही नागपूर भेटत होतं. एकाच वर्गात बसलो असतो. तू दुसऱ्या रांगेत खिडकीजवळ, अन् मी तुझ्यामागं. चार वर्षं तुझी मान पाहत.

हे मी ऑब्जेक्शन टाकतानी विसरली होती असं समजू नको. बोट बटणावर होतं तेव्हा मले पक्कं माहीत होतं की माझेबी पाच जाणार. आजी म्हणायची तसं, दुसऱ्याले अपशकुन व्हावा म्हणून आपलंच नाक कापलं मी. कापलं तं कापलं. तेव्हा दुखलं नाही. नुसतं तुझं तोंड डोळ्यापुढं होतं, टोपण दातात धरलेलं.

बाबाले मी सांगितलं की कीमध्ये एक उत्तर बदललं, त्यात गेले मार्क. त्याईनं डबा पिशवीत ठेवला. मंग म्हणाले, "ज्यानं ऑब्जेक्शन टाकलं त्याचं बी काही चुकलं नाही बेटा. बराबर ते बराबर." अन् कामावर निघून गेले. बसमध्ये त्याईनं काय सांगितलं असेल ते मी विचारलं नाही.

मले चंद्रपूर भेटलं. एक ऑगस्टले जायचं आहे. आता तरी लिही. शिवी दे, शाप दे, काही बी दे. मी तुझं नागपूर घेतलं, प्रीती. मी घेतलं. हे तुले समजलं आहे एवढं तरी मले समजू दे.

मोनाली


उमरेड, ५ जुलै

मोनाली,

तिन्ही पत्रं भेटली. आईनं वाचली नाहीत, तिले तुझं अक्षर ओळखू येते, ती नुसती म्हणाली, "मोनी कशी आहे?" मी म्हटलं, आहे तशीच आहे.

शिवी पाहिजे होती ना? घे. तू भैताडच आहेस.

सोबत एक पावती जोडली आहे. माझ्या ऑब्जेक्शनची. तारीख पाहा, तेरा एप्रिल. वेळ पाहा, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. तुझ्या सव्वाचार तास आधी. तू बटण दाबलं तेव्हा मी टाकून, जेवून, मागाजवळ झोपली होती. तेव्हा ते 'मी घेतलं, मी घेतलं' बंद कर. माझं नागपूर तू घेतलं नाही. माझं मी सोडलं.

काहून सोडलं, हे विचारशील. त्या दिवशी ठेल्यावर सुशीलच्या तीनले मी बी हासली होती. बसमध्ये येतानी पाचगावच्या पुढं डोक्यात आलं की बेस मायनस एक पाहिलाच नाही. घरी येऊन पाहिलं तं सुशील बराबर. मंग कच्ची की आली, तिच्यात दोन. दीड दिवस मी कोणाले काही सांगितलं नाही, पाच मार्क कोणाले नको असतात? पण चुकलेल्या गणितावर माझं नाव मले पाहवत नाही. तुले हे माहीत आहे. वहीतलं पान फाडून मी पुन्हा लिहिते, तू मले त्यावरून किती चिडवायची.

आता जानेवारी. बोर्डवर मी खोटं लिहिलं म्हणतेस. तुझ्याच पत्रातला प्रश्न तूच सोडव. प्लस दहा. तीन, बारा अन् दहा, पंचवीस, भागिले पाच. पाच. आज बी पाचच येते. तुझं 'एक' बराबर असेल तं प्रश्न वेगळा होता. वाटा तुझा होता, शब्द तुझा होता. कीबरोबर आलेली तुझी रिस्पॉन्स शीट, तुझे प्रश्न अन् तुझी उत्तरं असलेली, तू मले एकदा तरी दाखवली का?

हासली ती हासली. त्याचं ऑब्जेक्शन घेतात असं असतं तं मी ते बी टाकलं असतं. अन् खुर्ची मी सोडायले पाहिजे होती. ते मले मार्चमध्येच समजलं होतं, तू काचेच्या दारावरून जायची तेव्हा.

माझं प्रूफ बी पाठवते. तू पानभर लिहिलं म्हणतेस. माझं तीन ओळीत झालं.

बेस = 1 : x = 4.
पॉवर = 0 : x = 1, 4.
बेस = −1, पॉवर सम : x = 2. एकूण तीन.

प्रीती


कन्हान, १२ जुलै

प्रीती,

तुझं पत्र बुधवारी आलं. पावती मी दहा वेळा पाहिली. खोटी असावी म्हणून उजेडात धरून पाहिली. दोन वाजून दहा.

एवढा राग मले जानेवारीतबी आला नव्हता. तुले काय वाटते, हे वाचून माझं मन हलकं झालं? मी स्वतःचं नाक कापून तुले अपशकुन करायले निघाली, अन् तू आधीच आपल्या पायानं दुसरीकडे गेलेली. माझ्याजवळ तेवढाच एक बदला होता. तोबी तू माझा राहू दिला नाहीस. सव्वाचार तास! निदान माझ्यानंतर तरी टाकायचं होतं.

दोन दिवस पत्राले हात लावला नाही. आज तुझा प्रश्न घेऊन बसली. माझी रिस्पॉन्स शीट तू पाहिली नाहीस, कारण मी दाखवली नाही. आता लिहिते. वाचतानी हासू नको, एवढंच.

शीटमध्ये मायनस दहा आहे.

हे मले सहा फेब्रुवारीपासून माहीत होतं. तुले मेसेज टाकले त्याच्या दोन दिवस आधीपासून. मी ठेल्यावर प्लस सांगितलं होतं. परीक्षेत मायनस घेऊन सोडवलं, उत्तर एक आणलं, अन् गेटपासून ठेल्यापर्यंतच्या रस्त्यात मायनसचा प्लस झाला.

रस्त्यात काय झालं ते मी कोणालेच सांगितलं नाही. त्या दिवशी बाबांची पहिली शिफ्ट होती, तीनले सुटली. सेंटर कंपनीपासून जवळच, म्हणून बस सोडून दिली, कोणाची तरी गाडी मागून घेतली अन् तीन तास गेटसमोर उभे राहिले, निळ्या युनिफॉर्ममध्ये, हातात पाण्याची बाटली. मी तोंडाले कुलूप लावून, आकडे घोकत बाहेर आली. त्याईनं गर्दीतून हात वर केला. जवळ आले अन् म्हणाले, "कसा गेला वं बेटा?"

सरांचा नियम मले माहीत होता. मान हलवून दाखवता आली असती. पण तीन तास उभ्या माणसाले मान कशी हलवायची? मी म्हटलं, "चांगला गेला, बाबा. खूप चांगला गेला." ते एवढे खूश झाले की बाटलीचं झाकण उघडायचं विसरून तशीच माझ्या हाती दिली. मंग गाडीवर बसवून रस्ताभर बोलत होते, कॉलेज, बस, पास, अन् मी हो हो करत होती. ठेल्यावर उतरली तेव्हा आकडे होते, चिन्ह नव्हतं.

आता सांग, मी कोणावर चिडू? बाबावर? ते अजून म्हणतात, "माझ्या पोरीनं गेटवरच सांगितलं होतं चांगला गेला, अन् जानेवारीचं गणित खरंच चांगलं निघालं." त्यायच्याजवळ त्या दिवसातलं तेवढंच आहे. ते मी काढून घेऊ? स्वतःवर चिडून पाहिलं, ते दोन दिवसांच्या वर जमत नाही. मंग तू होतीस. टोपण दातात धरून हासलेली, अगदी तयार. पाच महिने मी तुले घट्ट धरून ठेवलं.

तुझं हासणं मी माफ केलेलं नाही. खुर्चीचं तू म्हणलं, ते ठेवून घेते. पण 'बोर्डवर खोटं लिहिलं' हे शब्द मी पहिल्या पत्रातून परत घेते. मेसेजमधलेबी घेते, सगळे.

बाबाले मी काल सांगितलं की ऑब्जेक्शन मीच टाकलं होतं. काहून टाकलं ते नाही सांगितलं. ते जेवत होते. हात थांबला. मंग म्हणाले, "आपलं उत्तर चुकते माहीत असून टाकलं?" मी म्हटलं, हो. त्याईनं भाकरीचा तुकडा मोडला अन् आईले म्हणाले, "पाहा, कोणाची पोरगी आहे." आता बसमध्ये हेच सांगणार आहेत. त्याईले वाटते मी खऱ्यासाठी टाकलं. ते खरं तुझ्याबद्दल आहे, प्रीती, अन् माझ्या नावावर बसमध्ये फिरणार आहे. मले ते सहन होऊन नाही राहिलं, अन् त्याईले थांबवताही येत नाही. तुले चुकलेल्या गणितावर आपलं नाव पाहवत नाही ना? मी आता तसंच नाव घेऊन चंद्रपूरले चालली.

एक तारखेच्या आधी उमरेडले येऊ का? सरिताकाकूंना विचार. तुले नको असेल तं मागाजवळ बसीन, बोलणार नाही.

अन् तुझं ते तीन ओळींचं प्रूफ पाहिलं. पॉवर शून्य घेतली तिथं तू पुढं पळाली. बेस शून्य नाही हे कोण पाहणार? शून्याचा शून्यावा घात चालत नाही. ही ओळ तू खाल्ली, मी माझ्या पानात लिहिली होती. खाली देऊन राहिली, तुझ्या तीनच्या खाली लिहून घे.

x = 1 ला बेस −2, x = 4 ला बेस 1. दोन्ही शून्य नाहीत.

आता झालं पुरं. चार ओळी लागतात.

मोनी